ज्वालामुखीची धोक्याची पातळी कशी ठरते?

पावसाळ्यात कोल्हापुरात एकच आकडा घरोघरी विचारला जातो: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे? ३९ ला इशारा, ४३ ला धोका. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हाही कुठल्या गल्लीत कधी शिरणार याचा अंदाज लोक त्याच आकड्यावरून बांधत होते. सप्टेंबर २०२५ मध्ये अंदमानच्या बॅरन बेटाच्या उद्रेकाचे व्हिडिओ फोनवर फिरले, तेव्हा बऱ्याच जणांचा पहिला प्रश्न याच सवयीतून आला. त्या ज्वालामुखीची धोक्याची पातळी किती, आणि आता तो कितीवर आहे? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र एका आकड्यात देता येत नाही. ते का देता येत नाही हे कळलं, की ज्वालामुखीवर लक्ष ठेवणं म्हणजे नक्की काय हे बरंचसं कळतं.

बॅरन बेट पोर्ट ब्लेअरच्या, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमच्या, ईशान्येला सुमारे १३८ किलोमीटरवर आहे. भारतातला हा एकमेव जागृत ज्वालामुखी. बेट जेमतेम ३ किलोमीटर रुंद, उंची साडेतीनशे मीटरच्या घरात. पण समुद्रतळापासून मोजलं तर हा डोंगर दोन हजार मीटरहून जास्त भरतो. मधोमध सुमारे २ किलोमीटर रुंदीचं जुनं खचलेलं कुंड, भोवती उभे कडे, आणि कुंडात आजचा राखेचा शंकू. कड्यांची ही भिंत पश्चिमेला फुटलेली आहे, आणि १९९१ नंतरचा लाव्हा त्याच खिंडीतून समुद्रापर्यंत गेला. १७८७ पासून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतच्या उद्रेकांच्या नोंदी आहेत. मग दीर्घकाळ सामसूम, १९९१ ला जाग, १९९४-९५ ला पुन्हा, आणि २००५ पासून मधूनमधून चालूच. बेटावर माणूस राहत नाही. धोका आहे तो जवळून जाणाऱ्या बोटींना, वरून जाणाऱ्या विमानांना आणि, शक्यता कमी असली तरी, समुद्रावाटे अंदमानच्या किनाऱ्यांना.

नदीच्या ४३ फुटांचा अर्थ दरवर्षी तोच असतो. प्रत्येक ज्वालामुखीचा नेहमीचा स्वभाव मात्र आधी मोजून काढावा लागतो. इटलीतलं स्ट्रॉम्बोली बेट शतकानुशतकं दिवसातून अनेकदा छोटे स्फोट करतं. तिथे स्फोट होणं ही रोजची गोष्ट आहे. तेवढेच स्फोट एखाद्या झोपलेल्या डोंगरावर झाले तर गावं रिकामी करावी लागतील. म्हणून यंत्रं बसवल्यावर पहिलं वर्षभर त्यांचं काम फक्त स्वभाव नोंदवण्याचं. दोन्ही मोसमी वारे, भरती-ओहोटी, खवळलेला समुद्र, जोराचा पाऊस, सगळं त्या नोंदीत यायला हवं. उद्रेक सुरू झाल्यावर घाईने नेऊन ठेवलेलं यंत्र आकडे देतं, पण ते आकडे कशाशी ताडून बघायचे हा प्रश्न उरतो.

पहिलं यंत्र भूकंपमापक. कोयनेचे धक्के कोल्हापूरकरांना नवे नाहीत. ११ डिसेंबर १९६७ चा ६.३ तीव्रतेचा धक्का अजूनही इथल्या घरांत बोलला जातो. तो खडक भेगेवर सरकल्यामुळे बसला, आणि कोयनेचे बाकीचे धक्केही तसेच. त्यांचा ज्वालामुखीशी संबंध नाही. आपल्या पायाखालचा काळा कातळ लाव्हाचाच आहे, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला. ज्वालामुखीखालीही असे भेगेवरचे धक्के बसतात. वर चढणारा मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, कातळ फोडतो तेव्हा आलेखावर धक्क्याच्या दोन्ही लहरी, आधी पोहोचणारी वेगवान आणि मागून येणारी मंद, ठळक आणि वेगळ्या दिसतात. पण तिथे आणखी एक प्रकार असतो. वायू किंवा मॅग्माने भरलेल्या चिरा दाबाखाली थरथरतात, त्यांची वारंवारता साधारण अर्धा ते पाच हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला अर्धं ते पाच कंपनं, सुरुवात अस्पष्ट, दुसरी लहर वेगळी ओळखूच येत नाही. हे धक्के एकामागून एक इतके जवळ आले की मधली फट बुजते आणि जमीन मिनिटं-तास अखंड थरथरत राहते. फक्त संख्या मोजून उपयोग नाही. खोलवरचे भेगेवरचे धक्के कमी होत जाऊन उथळ, मंद धक्के वाढत असतील तर तो बदल संख्येपेक्षा महत्त्वाचा.

बेटावर भूकंपमापक बसवताना सगळ्यात मोठा शत्रू समुद्र. लाटांमुळे जमिनीत पाच ते दहा सेकंदांच्या आवर्तनाची कुजबुज कायम चालू असते आणि पावसाळ्यात ती कित्येक पटींनी वाढते. त्यामुळे कंपनाची सरासरी काढताना १ ते १० हर्ट्झचा पट्टाच वापरायचा, नाहीतर प्रत्येक वादळाला ज्वालामुखी जागा झाल्यासारखा वाटेल. यंत्र सैल राखेत ठेवायचं नाही. मीटर-दीड मीटर खणून जुना घट्ट लाव्हा लागला की त्यावर काँक्रीटचा लहान ओटा, त्यावर यंत्र, खऱ्या उत्तरेशी जुळवून. होकायंत्रावर भरवसा ठेवू नये, कारण बेसॉल्टमधलं, म्हणजे लाव्हाच्या काळ्या कातळातलं, चुंबकीय खनिज सुई बऱ्यापैकी हलवतं. सेकंदाला १०० नोंदी पुरतात. घड्याळ जीपीएसशी बांधलेलं असलंच पाहिजे, कारण दोन केंद्रांच्या वेळेत अर्ध्या सेकंदाचा फरक पडला तरी धक्क्याची जागा बेटाबाहेर समुद्रात दाखवली जाते.

केंद्रं किती? एकाच केंद्रावरून कंपन वाढलं-घटलं एवढं कळतं, जागा नेमकी कळत नाही. खोलीसह जागा काढायला निदान चार हवीत, आणि ती ज्वालामुखीच्या मुखाभोवती पसरलेली हवीत. बॅरनसारख्या बेटावर तीन बाहेरच्या कड्यांवर आणि एक कुंडात शंकूपासून सुरक्षित अंतरावर, अशी मांडणी सुचते. कुंडातलं केंद्र कधीतरी तप्त दगडांखाली जाणार, हे धरूनच चालायचं. तिथे स्वस्त यंत्र ठेवावं आणि माहिती जागच्या जागी न साठवता लगेच बाहेर पाठवावी.

वीज हा वरवर कंटाळवाणा वाटणारा भाग, पण केंद्रं बंद पडतात ती बहुतेक इथेच. भूकंपमापक, नोंदयंत्र आणि रेडिओ मिळून ६ वॅट धरले तर दिवसाला १४४ वॅट-तास लागतात. पावसाळ्यात दहा दिवस ऊन नाही असं धरलं तर १४४० वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टला १२० अँपिअर-तास. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणून २४० अँपिअर-तासांची बॅटरी. सौर पॅनेल हिशोबाने ८०-८५ वॅटचं पुरतं, पण राख बसणार म्हणून दुप्पट घ्यावं. बॅरनचा अक्षांश १२ अंश. पुस्तकाप्रमाणे पॅनेलही तेवढंच तिरकं लावलं तर राख त्यावर बसून राहते. ३० ते ३५ अंशांवर लावलं तर थोडी वीज कमी मिळते, पण पावसाने काच धुऊन निघते. हा सौदा नेहमी फायद्याचा ठरतो. सल्फरच्या वायूंनी तांब्याची टोकं काळी पडून जोड सुटतात, म्हणून सोन्याचा मुलामा असलेले जोड, वर सिलिकॉन ग्रीस, आणि पेटी हवाबंद करून आत सिलिका जेल. केबल उघडी टाकायची नाही. जाड नळीतून आणि फूटभर जमिनीखालून न्यायची. बॅरनवर रानटी झालेल्या शेळ्या आहेत, त्यामुळे पॅनेलला कुंपणही हवं.

भूकंपमापकाच्या शेजारीच इन्फ्रासाउंडचा, म्हणजे २० हर्ट्झखालच्या कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाचा मायक्रोफोन असावा. स्फोट झाला की जमिनीतली लहर आधी येते, हवेतली नंतर. दोन्हींमध्ये चार सेकंदांचं अंतर असेल आणि जमिनीतला वेग सेकंदाला २ किलोमीटर धरला तर स्फोट सुमारे १.६ किलोमीटरवर. फक्त जमीन हलली आणि हवेतून काहीच आलं नाही तर जे घडलं ते बहुधा खालीच घडलं. ढगांनी बेट आठवडा-आठवडा झाकलेलं असताना उद्रेक खरंच चालू आहे का, हे सांगणारं याहून स्वस्त आणि विश्वासू साधन नाही. वाऱ्याचा आवाज कमी करायला मायक्रोफोनला भोकं पाडलेल्या नळ्या जोडतात. त्या झाडीत ठेवल्या तर निम्मं काम झाडंच करतात.

आता जमिनीची फुगवटी. मॅग्मा साठला की जमीन वर उचलली जाते. १० लाख घनमीटर मॅग्मा ३ किलोमीटर खोलीवर आला, तर गोलाकार साठ्याच्या साध्या गणिताने माथा सुमारे २.७ सेंटीमीटर उठतो. तोच साठा ६ किलोमीटरवर असेल तर जेमतेम ७ मिलिमीटर. चांगलं जीपीएस दिवसभराच्या नोंदीतून आडवं सरकणं दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आणि उभं पाच-दहा मिलिमीटरपर्यंत पकडतं, म्हणजे खोलवरचा छोटा साठा उठावात त्याच्या नजरेतून सुटतो. बेटाची खरी गोची पुढे आहे. उठावाचा फुगा माथ्यापासून खोलीच्या पाऊणपट अंतरावर निम्मा होतो. साठा ५ किलोमीटरवर असेल तर हे अंतर जवळपास ३.८ किलोमीटर, आणि बॅरनचा किनारा मध्यापासून दीड किलोमीटरवर संपतो. म्हणजे फुग्याचा उतार सगळा पाण्याखाली. बेटावरची सगळी जीपीएस जवळजवळ सारखीच वर जातात आणि साठा खोल व मोठा आहे की उथळ व छोटा, हे ठरवताच येत नाही. समुद्रतळावर दाबमापक ठेवले तर हे कोडं सुटतं. तळ उचलला की वरच्या पाण्याचा दाब कमी होतो. खर्चिक काम आहे, पण बेटांच्या बाबतीत याला सोपा पर्याय नाही.

उपग्रहाच्या रडारने, दोन तारखांच्या चित्रांची जोडी ताडून, हेच मोजता येतं. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाची तरंगलांबी सुमारे ५.६ सेंटीमीटर, त्यामुळे चित्रातला रंगांचा एक पूर्ण फेरा म्हणजे उपग्रहाच्या दिशेने २.८ सेंटीमीटर हालचाल. एकाच उपग्रहाची फेरी १२ दिवसांची. ३० जुलै २०२५ ला सुटलेल्या निसार या इस्रो-नासाच्या उपग्रहावरचं नासाचं रडार सुमारे २४ सेंटीमीटर लांबीची लहर वापरतं. ती झाडीतून पार होते, म्हणून हिरव्यागार उष्ण कटिबंधातल्या बेटांसाठी मोलाची आहे. फसगत कुठे होते तर हवेतल्या बाष्पात. बाष्पाने रडारची लहर मंदावते आणि डोंगर कित्येक सेंटीमीटर उचलल्यासारखा दिसतो, तोही नेमका उंचीच्या आकारात. मोठ्या भूभागावर लांबची स्थिर जागा तुलनेला घेता येते. बेटाभोवती सगळं पाणीच. म्हणून एका जोडीवर कधीही निष्कर्ष काढू नये. वेगवेगळ्या तारखांच्या निदान चार-पाच जोड्यांत तोच उठाव दिसला तरच तो खरा मानावा.

वायूंचं मोजमाप मला सगळ्यात बोलकं वाटतं. कार्बन डायऑक्साइड मॅग्मातून खोलवरच सुटतो, सल्फर डायऑक्साइड वर आल्यावर. त्यामुळे कार्बनचं प्रमाण सल्फरच्या तुलनेत वाढायला लागलं तर खालून नवा मॅग्मा येत असण्याची शक्यता असते. मुखाच्या वाऱ्याखाली बसवलेली पेटी मिनिटाला साधारण एक लिटर हवा ओढते आणि दर सेकंदाला दोन्ही वायू मोजते. एकूण सल्फर किती बाहेर पडतो हे लांबून, सूर्यप्रकाशातल्या अतिनील पट्ट्यावरून मोजतात. त्यात सगळ्यात मोठी चूक वाऱ्याच्या वेगाची असते. वेग तीस टक्के चुकला की उत्तरही तेवढंच चुकतं. आणि एक सापळा: मुखात पाणी शिरलं असेल तर सल्फर त्यात विरघळतो आणि आकडा खाली येतो. सल्फर कमी झाला म्हणजे ज्वालामुखी निवळला असं मानणं इथे जिवावर बेतू शकतं.

पाणी आणि उष्णता एकत्र आली की इशाऱ्याचा वेळच उरत नाही. न्यूझीलंडच्या व्हाइट आयलंडवर, तिथल्या माओरी लोकांच्या फाकारीवर, १८ नोव्हेंबर २०१९ ला इशारा पातळी १ वरून २ केली होती, कारण सल्फर आणि कंपन दोन्ही वाढले होते. ९ डिसेंबरला वाफेचा स्फोट झाला तेव्हा बेटावर ४७ माणसं होती. त्यातली २२ गेली. पर्यटक नेणं त्या पातळीवरही चालूच होतं. त्या देशाच्या शून्य ते पाच पातळ्या आज काय चाललं आहे ते सांगतात, उद्या काय होईल ते सांगत नाहीत. ‘२’ चा अर्थ अजून जायला हरकत नाही असा लावला गेला. जपानच्या ओंताके डोंगरावर २७ सप्टेंबर २०१४ ला स्फोटाआधी कंपन सुरू झालं ते जेमतेम ११ मिनिटं. अशा डोंगरांवर यंत्रांनी माणसं वाचत नाहीत. माणसाने मुखाजवळ जाऊच नये हा नियम वाचवतो.

नीट जमलेलं उदाहरणही आहे. कॅरिबियनमधल्या सेंट व्हिन्सेंट बेटावर ला सूफ्रिएर डोंगरात डिसेंबर २०२० पासून लाव्हा संथपणे साचत होता. मार्चअखेर खडक फुटण्याचे धक्के वाढले, ८ एप्रिल २०२१ ला आलेखावर अखंड थरथरीचे पट्टे उमटू लागले, आणि त्याच दिवशी सर्वाधिक धोक्याच्या लाल पट्ट्यातल्या लोकांना हलवण्याचा आदेश निघाला. ९ एप्रिलच्या सकाळी मोठा स्फोट झाला. स्फोटाने थेट कुणी दगावलं नाही. १९०२ मध्ये याच डोंगराने दीड हजारांहून जास्त बळी घेतले होते. इथे कुठलाही एक आकडा रेषेवर गेला नव्हता. वेगवेगळ्या पद्धतींच्या नोंदी एकाच दिशेने बदलल्या, आणि त्या वाचणाऱ्यांवर सरकारने विश्वास ठेवला.

बेटाच्या ज्वालामुखीचा सगळ्यात दुर्लक्षित धोका म्हणजे कडा कोसळणं. २२ डिसेंबर २०१८ ला इंडोनेशियाच्या अनाक क्राकाताऊचा नैर्ऋत्य उतार समुद्रात गेला. ३३८ मीटरचा डोंगर ११० मीटरवर आला आणि त्सुनामीत चारशेहून जास्त माणसं गेली. लाट किनाऱ्यावर अर्ध्या तासाच्या आसपास पोहोचली, पण इशारा वाजला नाही, कारण त्सुनामीची व्यवस्था मोठ्या भूकंपावर बेतलेली होती आणि मोठा भूकंप झालाच नव्हता. तो उतार आधीपासून सरकत असल्याचं नंतर जुन्या रडार चित्रांत दिसलं.

बॅरनचा शंकू जुन्या कड्यांच्या आत आहे, त्यामुळे तीन बाजूंनी त्याला आधार आहे. अनाक क्राकाताऊची परिस्थिती जशीच्या तशी इथे लागू होत नाही. मोकळी आहे ती पश्चिम बाजू, आणि अंदमानची मुख्य बेटं पश्चिमेलाच आहेत. पाण्याची सरासरी खोली १५०० मीटर धरली तर लाट सेकंदाला सुमारे १२० मीटरने जाते. १३८ किलोमीटरला वीस मिनिटांच्या आसपास. आवाज तेवढं अंतर सात मिनिटांच्या आत कापतो. म्हणजे अंदमानच्या किनाऱ्यावर बसवलेली इन्फ्रासाउंडची मांडणी आणि बेटाच्या जवळचा पाणीपातळीमापक, दोन्ही मिळून हाती दहा-बारा मिनिटं लागू शकतात. उंचावर चढायला दहा मिनिटं खूप असतात. स्ट्रॉम्बोलीवर भोंगे याच तत्त्वावर आहेत. तिथे मोठ्या स्फोटाआधी साधारण दहा मिनिटं जमीन फुगते आणि कलमापक ते पकडतात. आपल्याकडे हैदराबादच्या इन्कॉइस या राष्ट्रीय महासागर माहिती केंद्रात त्सुनामी इशारा केंद्र २००७ पासून आहे. भूकंपाविना येणाऱ्या लाटेसाठी वेगळी व्यवस्था उभारायला बॅरन हे पुरेसं कारण आहे, असं मला ठामपणे वाटतं.

इशारा पाठवायची वाटही एकच नसावी. १५ जानेवारी २०२२ ला टोंगा या बेटांच्या देशातल्या हुंगा ज्वालामुखीच्या स्फोटाने समुद्राखालची केबल तुटली आणि देश जगापासून तुटला. बेटावरून रेडिओ आणि उपग्रह असे दोन मार्ग हवेत, आणि माहिती थांबली तर तेही धोक्याचं लक्षण मानून तपासणी सुरू व्हायला हवी.

कोल्हापुरात बसून बॅरनकडे बघायचं असेल तर युरोपच्या उपग्रहचित्रांचं संकेतस्थळ, कोपर्निकस ब्राउझर, फुकट आहे. अक्षांश १२.२८ उत्तर, रेखांश ९३.८६ पूर्व टाका, सेंटिनेल-२ निवडा आणि १२, ११ व ८ए हे पट्टे लाल, हिरवा, निळा या क्रमाने लावा. एक ठिपका म्हणजे २० मीटर. मुखात लाल ठिपका दिसला तर तप्त पृष्ठभाग. पिवळा दिसला तर आणखी गरम, बहुधा उघडा लाव्हा. पश्चिमेच्या खिंडीकडे जाणारी तेजस्वी रेघ दिसली तर प्रवाह वाहतो आहे. ढगाच्या कडेवर सूर्य चमकला तरी लाल-पिवळं दिसतं, म्हणून ठिपका सलग दोन-तीन फेऱ्यांत त्याच जागी आहे का ते बघा. उपग्रहांतून ज्वालामुखींची उष्णता मोजणाऱ्या मिरोव्हाच्या संकेतस्थळावर ती मेगावॅटमध्ये मिळते. १० च्या खाली कमी, १०० च्या वर जोरकस. राखेची खबर ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या राख सल्लागार केंद्राच्या पत्रकांत येते आणि त्यात ढगाची उंची व दिशा लिहिलेली असते. जून ते सप्टेंबर मात्र ढगांमुळे बहुतेक चित्रं पांढरीच निघतात; त्या काळात ठिपका दिसला नाही यावरून ज्वालामुखी शांत आहे असं कुणाला सांगू नका.